देखणे आभाळ

आम्ही सोलापुरात राहतो आणि हौसेने छायाचित्रे काढतो, ही दोन विधाने एकापाठोपाठ उच्चारली की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो, तो आता आमच्या चांगल्या परिचयाचा झाला आहे. पुण्यामुंबईचे स्नेही तर सरळच विचारतात, "पण तुमच्याकडे काढण्यासारखे आहे तरी काय?" त्यांचा प्रश्न अगदीच अनाठायी आहे असे नाही. निसर्गाने देखाव्यांची वाटणी केली, त्या वेळी आमचा जिल्हा बहुधा गैरहजर असावा. समुद्र कोकणाला गेला, डोंगरकडे साताऱ्याने नेले, अरण्ये विदर्भाने घेतली. आमच्या वाट्याला माळ, काळे रान, बाभळी आणि ऊन एवढेच उरले. चादर व शेंगांची चटणी या दोन गोष्टींवर आमच्या गावाची कीर्ती उभी आहे, आणि त्या दोहोंपैकी एकीचेही छायाचित्र दिवाणखान्यात लावावे असे कोणास वाटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

या प्रश्नाला आमचे उत्तर ठरलेले असते. आम्ही म्हणतो, "आमच्याकडे आभाळ आहे."

स्नेही हसतात. आभाळ सर्वांकडेच असते, असे त्यांना सुचवायचे असते. परंतु हा केवळ समज आहे. कोकणात आभाळ माडांच्या झावळ्यांतून तुकड्यातुकड्याने पाहावे लागते. घाटात ते दोन शिखरांच्या मध्ये चिमटीत धरल्यासारखे असते. आणि मुंबईत ते आहे की नाही हे खिडकीतून वाकून पाहिल्याखेरीज कळत नाही. सोलापूरच्या माळावर मात्र ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अखंड पसरलेले असते. बार्शीच्या रस्त्याला उभे राहिले की दूर कुठल्याशा शिवारात पडणारा पाऊस, त्याच्या राखी पडद्यासह, आपण कोरडे ठणठणीत राहून पाहू शकतो. चित्रातील क्षितिजरेषा खाली ओढून तीनचतुर्थांश जागा आकाशाला देणे हा अन्यत्र शैलीचा भाग असेल. आमच्याकडे तो निव्वळ नाइलाज आहे. खाली दाखवण्यासारखे काही नसल्यामुळे आम्ही वर पाहायला शिकलो.

हा नाद आम्हांस शाळेत असतानाच लागला. आमच्या मामांनी आपला जुना आग्फाचा 'क्लिक थ्री' आम्हांस देऊन टाकला. १२० ची फिल्म घालावी आणि मोजून बारा चित्रे काढावीत, असा त्याचा हिशेब होता. फिल्म उटीच्या कारखान्यात तयार होणारी, 'इंदू' नावाची, कृष्णधवल. तो कारखाना आता बंद पडला आहे. पण त्या काळी फिल्मच्या एका गुंडाळीसाठी आम्ही दोन-दोन महिने पैसे साठवत असू. पहिली गुंडाळी घेऊन आम्ही भाद्रपदातल्या एका सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठी गेलो. पाण्याच्या मधोमध मंदिर, मागे भुईकोट किल्ल्याचे बुरूज, आणि वर कापसाच्या गंज्या रचाव्यात तसे शुभ्र ढग. त्या ढगांसाठीच आम्ही बाराच्या बारा चित्रे खर्ची घातली. आठ दिवसांनी प्रती हातात आल्या, तेव्हा मंदिर होते, बुरूज होते, पाणीही होते. ढग मात्र एकाही चित्रात नव्हता. सगळीकडे कोरा पांढरा कागद! छायाचित्राच्या दुकानातील गृहस्थांनी आमचा पडलेला चेहरा पाहून सहानुभूतीने सांगितले, "फोटो चांगले आलेत की! फक्त एकाही फोटोत माणूस नाही, एवढंच."

आपली ही फजिती फार कुलीन आहे, हे पुढे वाचनात आले तेव्हा आम्हांस किती समाधान वाटले म्हणून सांगावे! एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रकारांचे हेच दुःख होते. त्यांच्या काचांवरील लेप निळ्या प्रकाशाला अतोनात हळवा असे. त्यामुळे निळे आकाश आणि पांढरा ढग दोन्ही सारखीच जळून एकरूप होत, आणि जमीन स्पष्ट उमटवावी तर आकाश कोरे राही. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच कलावंताने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची चित्रे काढताना यावर तोड काढली. काही चित्रांत समुद्राची काच निराळी आणि आकाशाची निराळी घेऊन त्याने दोन्ही एकाच कागदावर जुळवली. म्हणजे लोक ज्या आकाशाची वाहवा करीत, ते त्या समुद्रावर त्या क्षणी असेलच असे नव्हते. आपल्याकडेही हे वेड फार लवकर आले. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ मध्येच निघाली होती आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातील नामांकित हौशी कलावंत होते. त्या थोर मंडळींच्या आकाशांनीही कधीतरी असाच दगा दिला असेल, या विचाराने आमची मान पुन्हा ताठ झाली.

पुढे महाविद्यालयात नोकरी लागल्यावर बरा कॅमेरा घेतला आणि त्याबरोबर पिवळी व तांबडी काच घेतली. कृष्णधवल फिल्मसाठी भिंगासमोर पिवळी काच धरली की आकाशातील निळा प्रकाश थोडा अडतो, आकाश करडे होते आणि ढग उठून दिसतो. तांबडी धरली तर भर दुपारचे आकाश काळेभोर होऊन ढग जणू विजेने उजळल्यासारखा भासतो. या तांबड्या काचेने आमच्यावर अनेक वर्षे राज्य केले. साध्या, निरुपद्रवी ढगालाही ती प्रलयाचे रूप देई. खरे आणि देखणे यांच्यामध्ये त्या काचेइतकेच अंतर असते, ही गोष्ट तेव्हा आमच्या लक्षात आली नव्हती.

आमचा धंदा इंग्रजी काव्य शिकवण्याचा. १८०२ मध्ये ल्यूक हॉवर्ड नावाच्या औषधनिर्मात्याने लंडनमध्ये निबंध वाचून ढगांना लॅटिन नावे दिली, शेलीने १८२० मध्ये ढगावर प्रसिद्ध कविता लिहिली, हे सारे आम्ही वर्गात रंगवून सांगतो. परंतु सोलापूरच्या मुलांना इंग्रजी ऋतू शिकवताना एक अडचण नेहमी येते. इंग्रजीत ऊन पडले म्हणजे दिवस चांगला उजाडला आणि ढग आले म्हणजे मन उदास झाले. आमच्या वर्गातील माढ्या-मोहोळकडच्या मुलाला हे उलटे वाटते. त्याच्या घरी ढगाळ दिवस हाच चांगला दिवस असतो. असे असूनही आम्ही कॅमेरा खांद्याला लावून बाहेर पडलो की आमची नजर मात्र त्या इंग्रजी कवीची होत असे.

वर्षभराचे आमचे आकाश कसे असते ते थोडक्यात सांगतो. पौषात, संक्रांतीच्या सुमारास, ते सर्वांत स्वच्छ आणि सर्वांत रिकामे असते. त्या दिवसांत सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. पांढऱ्या बाराबंदीतील भक्त त्या उंचच उंच काठ्या तोलीत चालतात, आणि निरभ्र निळ्यावर त्या काठ्यांची रेघ अशी काही उमटते की छायाचित्रकाराला करण्यासारखे फारसे उरत नाही. त्याच सुमारास काळ्या रानात मालदांडी ज्वारीची कणसे भरतात आणि हुरड्याच्या आगटीचा धूर सकाळच्या थंडीत जमिनीलगतच रेंगाळतो. ही ज्वारी पावसावर वाढत नाही. पाऊस जमिनीत जी ओल ठेवून गेला, तिच्यावर वाढते. म्हणजे जानेवारीतील हिरवे शिवार हे वस्तुतः सप्टेंबरातील आकाशाचेच छायाचित्र असते.

चैत्र-वैशाखात आकाश निळे राहत नाही. हवेतील धुळीमुळे ते पांढुरके, डोळ्यांना खुपणारे होते. पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि कॅमेऱ्याची धातूची बाजू हाताला चटका देते. या दिवसांत आम्ही केवळ पहाटे बाहेर पडतो. मात्र वैशाखातील एखाद्या दुपारी क्षितिजावर एकच ढग उगवतो, पाहता पाहता मनोऱ्यासारखा चढतो आणि शेंड्याला लोहाराच्या ऐरणीसारखा पसरतो. त्यानंतर धुळीची भिंत, मग वारा, मग पाच मिनिटे टपोरे थेंब. जमिनीचा वास येतो. तो छायाचित्रात येत नाही, याची खंत आम्हांस आजतागायत आहे.

मृगानंतरची दोन महिने म्हणजे आमच्या जिल्ह्याची खरी परीक्षा. पश्चिमेकडून ढगांचे कळप येतात. पण सह्याद्रीने त्यांचे बहुतेक पाणी घाटमाथ्यावरच उतरवून घेतलेले असते. आमच्या डोक्यावरून ते लगबगीने पूर्वेकडे निघून जातात. त्यांच्या सावल्या माळावरून धावतात, ऊन आणि छाया यांचा लपंडाव दिवसभर चालतो. चित्रकाराच्या दृष्टीने याहून रमणीय काळ नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने याहून जीवघेणा काळ नाही. त्याचा भरवसा असतो तो पुढच्या, परतीच्या पावसावर: उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांवर. आमच्या सोलापुरातूनच निघणारे दाते पंचांग १९१६ पासून घरोघर जात आहे. त्यातील पर्जन्यनक्षत्रांचे पान आणि प्रत्येक नक्षत्राचे वाहन पाहून यंदा बेडूक आहे की गाढव, याची चर्चा पारावर अद्यापही रंगते. आम्ही मात्र ते पान उघडत होतो ते कोणत्या आठवड्यात रजा टाकावी हे ठरवण्यासाठी!

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायला घेतला, तो सांगतो.

२०१५ चा ऑगस्ट होता. मघा नक्षत्र लागले होते आणि पाऊस कुठेच नव्हता. एका दुपारी आम्ही नान्नजच्या बाजूला गेलो होतो. १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी तिथे अभयारण्य झाले. तो पक्षी आता दिसलाच तर दर्शन देणाऱ्याचे उपकार मानावेत, अशी स्थिती आहे. पक्षी नव्हता, पण उत्तरेला ढग असा काही चढला होता की आम्ही रस्त्याकडेला गाडी लावून धावतच बांधावर गेलो. पायथा निळसर काळा, माथा सोन्यासारखा, मध्ये उन्हाचा एक झोत तिरपा उतरलेला, आणि खाली माना टाकलेल्या उडदाचे रान. तासभर आम्ही खाली बसून, उभे राहून, पालथे पडून चित्रे काढली. मागे कोणी उभे आहे हे उशिरा लक्षात आले. शेताचे मालक असावेत. साठी उलटलेले, खांद्यावर टॉवेल.

"ढगाचं चित्र काढता व्हय, मास्तर?" त्यांनी विचारले. आम्ही मास्तर आहोत हे न सांगता त्यांना कसे कळले, देव जाणे.

"हो, मामा," आम्ही म्हणालो. "काय सुंदर ढग आहे!"

"देखणं हाय खरं आभाळ." त्यांनी कपाळावर हात धरून बराच वेळ वर पाहिले. "आज बरसंल असं वाटतंय. आमाला बी येक चित्र द्या त्येचं."

आम्ही आनंदाने कबूल केले. ढग संध्याकाळपर्यंत आणखी फुलला, तांबूस झाला, मग विरळ होत पूर्वेला सरकला. थेंब पडला नाही. आम्ही अत्यंत समाधानाने घरी आलो.

ते चित्र फार गाजले. एका शहरातील प्रदर्शनात त्याला पारितोषिक मिळाले. परीक्षकांनी आशयगर्भ वगैरे विशेषणे लावली. दिवाळीच्या सुटीत आम्ही त्याची मोठी प्रत चौकटीत बसवून, दिल्या शब्दाप्रमाणे, मामांकडे नेली. घरी चहा झाला. मामांनी चौकट मांडीवर घेतली आणि ते पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ह्यो तोच ढग न्हवं?" त्यांच्या बोलण्यातून जे उलगडले ते असे: त्या आठवड्यात वैरण संपत आल्यामुळे बैलांची जोडी बाजारात न्यायचे ठरले होते. परंतु त्या दुपारी हा ढग पाहून त्यांनी बेत पुढे ढकलला. पाऊस आला नाही. दीड महिन्याने जोडी विकावीच लागली, तेव्हा सगळा तालुकाच विकायला निघाला होता आणि किंमत पार उतरली होती. त्यांच्या स्वरात राग नव्हता. आमच्यावर तर मुळीच नव्हता. त्यांनी चौकट टॉवेलाने पुसली आणि आमच्या हाती परत दिली. "लई झ्याक काढलंय. पर ह्ये तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या, मास्तर."

परतीच्या वाटेवर चौकट आमच्या शेजारच्या आसनावर होती. ज्या ढगाने त्यांना फसवले, त्याच ढगाने आम्हांला पारितोषिक मिळवून दिले होते. दोघांनी तो एकाच बांधावरून, एकाच वेळी पाहिला होता. दोघांनाही तो देखणा वाटला होता. फरक एवढाच की आमचे काम ढग पाहून संपले होते आणि त्यांचे तेथून सुरू व्हायचे होते.

सौभाग्यवतींना सारी हकीगत सांगितली. त्या म्हणाल्या, "अहो, ढगात पाणी नव्हतं, यात तुमचा काय दोष?" दोष नव्हता, हे आम्हांसही मान्य होते. पण ती चौकट भिंतीवर लावण्याचे धैर्य मात्र झाले नाही.

पुढील उन्हाळ्यात, २०१६ मध्ये, उजनी धरण उपयुक्त साठ्याच्या खूप खाली गेले. १९८० च्या सुमारास भीमेवरील या धरणाचे पाणी चढले तेव्हा इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने दगडी मंदिर जलाशयात बुडाले. दुष्काळात पाणी ओसरले की त्याचे शिखर, मग मंडप उघडा पडतो; आणि तो उघडा पडला की पुण्यामुंबईचे छायाचित्रकार गाड्या भरभरून येतात. आम्हीही गेलो. भेगाळलेला गाळ, त्यावर काळे मंदिर, मागे लाल सूर्य: चित्र अप्रतिमच होते. शेजारी एक तरुण आपल्या मित्राला उत्साहाने सांगत होता की पुढल्या वर्षीही पाणी असेच खाली गेले तर आपण आणखी लवकर येऊ. त्याला रागावण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. वर्षापूर्वीचे आमचेच बोलणे आम्ही ऐकत होतो. आम्ही दोन चित्रे काढली आणि कॅमेरा पिशवीत ठेवला.

त्यानंतर आमच्या छंदात एक लहानसा बदल झाला. प्रत्येक चित्रामागे आम्ही तारीख व भिंगाचे आकडे लिहीत असू. आता त्याखाली नक्षत्र लिहितो आणि त्या ढगातून पाऊस पडला की नाही हे लिहितो. ही नोंद करण्यासाठी चित्र काढून झाल्यावरही थांबावे लागते, कधी गावात जाऊन विचारावे लागते. या वहीने आमचा गर्व पुष्कळ उतरवला. आमच्या सर्वांत देखण्या आकाशांपुढे बहुतेक ठिकाणी एकच शब्द आहे: 'नाही'.

अशीच ढगांमागे लागलेली, पण आमच्याहून पुष्कळ शहाणी मंडळी पुढे सोलापुरात आली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने पर्जन्यछायेतील गाव म्हणून आमची निवड करून विमानातून ढगांत क्षारांचे सूक्ष्म कण सोडण्याचे प्रयोग केले आणि रडारने त्या ढगांवर पाळत ठेवली. २७६ ढग अभ्यासासाठी निवडले होते. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, ते असे की योग्य ढग निवडल्यास त्या टापूत सरासरी १८ टक्के अधिक पाऊस मिळू शकतो. मात्र ढगच नसेल तर तो निर्माण करता येत नाही, आणि प्रत्येक ढग कामाचा नसतो. कोणता ढग देईल आणि कोणता नुसताच मिरवेल, हे ओळखणे हीच सारी विद्या. आम्ही तीस वर्षे ढगांची पारख करीत होतो ती नेमकी उलट्या बाजूने, असे ते वाचताना वाटून गेले.

परंतु आम्हांस स्वतःचा निष्कर्ष त्यापूर्वीच मिळाला होता. २०१६ च्या सप्टेंबरात उत्तरा नक्षत्र चालू असता एका सकाळी दूरध्वनी वाजला. मामांचा आवाज होता. "मास्तर, आता या. आता काढा चित्र!" मागे कसलासा एकसारखा आवाज येत होता, तो पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा आहे हे कळायला क्षणभर लागला. आम्ही रजेचा अर्ज खरडला आणि निघालो. नान्नजचा रस्ता चिखलाने भरला होता. बांधावर पोहोचलो तर काढण्यासारखे काहीही नव्हते. आकाश एकरंगी राखी. ना पायथा, ना माथा, ना सोनेरी कड. क्षितिज कुठे संपते ते कळेना. भिंगावर थेंब साचले, ते पुसायला कोरडे फडके उरले नाही. मामा टॉवेल डोक्यावर घेऊन रानाच्या मध्यावर उभे होते आणि पायाने माती दाबून ओल किती खोल गेली ते पाहत होते. आम्ही एकच चित्र काढले.

छायाचित्र म्हणून ते सर्वथा टाकाऊ आहे. एका कडेला पाण्याचा डाग आहे, माणूस धूसर आहे, आकाशाच्या जागी करडा कागद. आमच्या पहिल्या गुंडाळीतील आकाशाहून ते फारसे निराळे नाही. फक्त या चित्रात माणूस आहे, एवढेच. त्याची प्रत मामांनी मागून घेतली. त्यांच्या सोप्यात, पंचांगाच्या खिळ्याशेजारी, ती अद्याप टांगलेली आहे. आमच्या वहीत त्या चित्रापुढे लिहिले आहे: 'उत्तरा. होय. चार बोटे ओल.'

परवा एक स्नेही घरी आले असता त्यांनी त्याच चित्राची आमच्या भिंतीवरील प्रत पाहिली आणि कपाळाला आठी घालून विचारले, "यात काय आहे हो?"

"आभाळ आहे," आम्ही सांगितले.